फ्रेसियामावशीचं लग्न आणि आमचा पंखा

आमच्या गाडीच्या हीटरचा पंखा दमला होता, आणि तो माझ्या वळणावर गेलाय असं सासूबाईंचं म्हणणं होतं.

"आवाज भरपूर, वारा नाही," त्या शेजारच्या सीटवरून म्हणाल्या. "रेमिहियो, गाडी अगदी तुझ्यासारखी निघाली."

मी टपाल कार्यालयातल्या खिडक्यांचा प्रमुख. दिवसभर लोकांची बोलणी ऐकून घ्यायचा मला पगार मिळतो, त्यामुळे घरी फुकट ऐकताना थोडं जड जातं. पण सासूबाईंशी, म्हणजे दोन्या एदुविनांशी (थोरल्या बायकांना आमच्याकडे मानाने दोन्या म्हणतात), वाद घालायची कोयाइके गावात पद्धत नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांची ही बाई अजून स्वतः लाकडं फोडते, आणि फोडताना आपल्याकडे बघते.

जुलै म्हणजे आमच्याकडे ऐन हिवाळा, आणि तेव्हा हीटरचा पंखा ही चैन नसते. गाडीत माणसं बसली की श्वासाने काचेवर धुकं धरतं, आणि पंख्याने काचेवर गरम हवा मारली नाही तर समोरचा रस्ता बघायचा नसून आठवायचा असतो. गावात ते चालून जातं. पण आम्हाला शनिवारी डोंगरावरची खिंड ओलांडून पलीकडच्या सेर्रो कास्तियो गावाला जायचं होतं, कारण फ्रेसियामावशीचं लग्न होतं.

फ्रेसियामावशी ही सासूबाईंची धाकटी बहीण. धाकटी म्हणजे सत्तरी ओलांडलेली. सेगुंदो लेविकान नावाच्या मेंढ्या पाळणाऱ्या गृहस्थाने तिला ऐन तारुण्यात मागणी घातली होती. "विचार करून सांगते," असं ती म्हणाली होती. तो विचार यंदाच्या हिवाळ्याच्या तोंडावर पूर्ण झाला. सेगुंदोंनी इतकी वर्षं दुसरीकडे कुठे विचारलंही नाही. अशा माणसाच्या लग्नाला उशिरा पोचणं बरं दिसत नाही. त्यातून मावशीची अट अशी की, थोरल्या बहिणीने अकॉर्डियन वाजवल्याशिवाय ती चर्चची पायरी चढणार नाही. सासूबाईंची अट अशी की, अकॉर्डियन बसच्या सामानाच्या कप्प्यात जाणार नाही. दोन बहिणींच्या दोन अटींमध्ये मी आणि माझा पंखा सापडलो होतो.

मी पहिला सल्ला शेजारच्या बाल्दोमेरोंचा घेतला. ते त्याच खिंडीतून हयातभर बस चालवून निवृत्त झालेले, तेव्हा बॉनेटखाली काय असतं हे त्यांना ठाऊक असणार असा माझा समज होता. तो चुकीचा होता, पण हे कळायला थर्मोस्टॅट बदलावा लागला.

"शेजारी, हवा गार येते की गरम?" त्यांनी विचारलं.

"गरमच येते. पण कमी येते."

"मग थर्मोस्टॅट."

"पण गरम आहे म्हणतोय ना मी."

"तेच तर. आज आहे. उद्या नसेल."

या युक्तिवादात कुठेतरी भोक आहे असं मला वाटत होतं, पण बाल्दोमेरोंनी बोलता बोलता पाना हातात घेतला होता, आणि पाना हातात असलेल्या माणसाचं बोलणं नेहमीच पटतं. आम्ही दोघांनी अंगणात थर्मोस्टॅट बदलला. रेडिएटरमधलं हिरवं पाणी बर्फावर सांडून अंगणाला अवेळी वसंत आला. गाडी सुरू केली. हवा पूर्वीइतकीच मंद, पण आता जास्त गरम. कोणीतरी कानाशी येऊन कुजबुजावं तशी.

"बघा, फरक पडला," बाल्दोमेरो म्हणाले. त्या माणसाचा आशावाद मी नेहमीच मानत आलो आहे.

कोपऱ्यावर बेकरी चालवणाऱ्या ओतिलियाबाईंना बातमी पोचायला वेळ लागला नाही. त्या हातात लाटणं घेऊनच आल्या.

"माझे ते गेले," त्या म्हणाल्या, "पण त्यांच्या ट्रकचा पंखा शेवटपर्यंत फिरत होता. का? तर मारत होते. व्हा बाजूला."

मी बाजूला झालो. ओतिलियाबाईंनी डॅशबोर्डच्या उजव्या अंगाला लाटण्याचा एक असा तडाखा दिला की घड्याळाचे काटे हलले. आणि खरं सांगतो, क्षणभर वाऱ्याचा एक चांगला झोत आला. त्याबरोबर गवताची एक काडी आली आणि माझ्या मिशीत बसली. मग पुन्हा सगळं पूर्ववत. फक्त रेडिओवर तेव्हापासून सीमेपलीकडचं अर्जेंटिनाचं एकच केंद्र लागू लागलं, त्यावर गुरांचे बाजारभाव सांगतात. त्या काडीचा आम्ही कोणीही विचार केला नाही. माझी बायको नेलिदा मात्र ती काडी बोटांत धरून बराच वेळ बघत होती.

त्याच आठवड्यात गाडीच्या वार्षिक तपासणीची मुदत संपत होती, आणि गावाबाहेरच्या नाक्यावर पोलीस तो कागद बघितल्याशिवाय हिवाळ्यात कुणाला खिंडीकडे सोडत नाहीत. तपासणी केंद्रातल्या गृहस्थांनी दिवे बघितले, ब्रेक बघितले, आणि मग काचेखालच्या फटीसमोर कागदाची एक पट्टी धरली. पट्टी दुखवट्याच्या झेंड्यासारखी लोंबत राहिली.

"काचेवर हवा अपुरी," ते म्हणाले. "नापास."

"अपुरी म्हणजे किती?"

"पुरेशी नाही म्हणजे अपुरी."

"मग पुरेशी म्हणजे किती?"

"अपुरी नसेल इतकी."

मला राग यायला हवा होता. पण मी स्वतः खिडकीमागे बसणारा माणूस आहे. इतकं गोल, इतकं गुळगुळीत उत्तर मला अजून साधलेलं नाही. मी मनातल्या मनात टोपी काढली आणि नापास गाडी घेऊन घरी आलो.

थर्मोस्टॅटच्या अपयशाने दुखावलेले बाल्दोमेरो आता जिद्दीला पेटले होते. ते गावातल्या प्रत्येक ड्रायव्हरशी बोलून आले आणि त्यांनी निदान केलं की पंख्याचा वेग कमीजास्त करणारा जो भाग असतो, रेझिस्टर, तो गेला आहे. तो गावात मिळेना. पुएर्तो मोंत शहरातून मागवला. तो टपालाने आला, म्हणजे माझ्याच कार्यालयात आला, आणि तिथे अडकला, कारण पाठवणाऱ्याने माझं नाव 'रेमिहिया कार्कामो' असं बाईचं घातलं होतं.

"साहेब, मला देता येणार नाही," खिडकीवरचा माझा हाताखालचा सहकारी इलारियो नम्रपणे म्हणाला. "नावात एका अक्षराचा फरक असेल तरी पार्सल द्यायचं नाही."

"हा नियम कोणाचा?"

"तुमचाच, साहेब. भिंतीवर लावलाय."

भिंतीवर खरंच लावला होता, खाली माझी सही. इलारियोचा मला त्या क्षणी जितका अभिमान वाटला तितकाच त्याचा गळा दाबावासा वाटला. शेवटी मी रेमिहियाबाईंचा अधिकृत प्रतिनिधी म्हणून सही करून पार्सल सोडवलं. रांगेतल्या लोकांनी रेमिहियाबाईंची तब्येत विचारली.

रेझिस्टर बसवला. काहीही फरक पडला नाही. बाल्दोमेरो गाडीला टेकून उभे राहिले, ओतिलियाबाई लाटणं घेऊन यायला निघाल्या, तेव्हा नेलिदा दारातून म्हणाली:

"इतके दिवस तुम्ही सगळे त्या पंख्याबद्दल बोलताय. त्याला पाहिलंय का कोणी?"

कोणीच पाहिलं नव्हतं. पाहायचा असतो हे सुचलंही नव्हतं.

मग मी डॅशबोर्डचा कप्पा काढला आणि पाय दाराबाहेर, डोकं डॅशबोर्डखाली अशा अवस्थेत गाडीत पडलो. या अवस्थेत माणसाचा मान फार उतरतो. अंगणात जमलेली मंडळी माझ्या पायांशी बोलू लागली. ओतिलियाबाईंनी माझ्या बुटांना विचारलं की चहा घेणार का. तीन स्क्रू निघाले, पंखा मोटरसकट हातात आला, आणि त्याच्यामागून माझ्या तोंडावर एक घरटं पडलं.

उंदराचं होतं. उंदीर घरी नव्हता. पण काय घर होतं ते. बाहेरून गवत, आत मेंढीची लोकर, मधे माझ्या हरवलेल्या मोज्याचा निळा गालिचा, आणि कोपऱ्यात सूर्यफुलाच्या बियांची कोठी. हवेची अख्खी वाट त्याने बुजवली होती. सगळी मंडळी ते हातोहाती बघत होती.

"भिंत बघा, भिंत," ओतिलियाबाई म्हणाल्या. "कुठून वारा शिरेल तर शपथ."

"आपल्या घरापेक्षा उबदार आहे," नेलिदा माझ्याकडे न बघता म्हणाली.

सासूबाईंनी घरटं उचलून नीट लाकडांच्या ढिगाऱ्यामागे नेऊन ठेवलं. "मेहनतीचं आहे," एवढंच त्या म्हणाल्या. मी या घरात जावई म्हणून आल्यापासून माझ्या कुठल्याही कामाबद्दल हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता.

पंखा ओढून काढताना त्याच्या वायरींचा प्लास्टिकचा जोड थंडीने कडक झालेला होता, तो बिस्किटासारखा चुरला. मी वायरी सोलून, पिळून, वर टेप गुंडाळली. दोन्ही वायरींचा रंग उडून त्या जुळ्या बहिणींसारख्या झाल्या होत्या. मी एकीला एक जोडली, दुसरीला दुसरी. यात चुकायला जागा आहे असं मला वाटलं नाही.

सगळं बसवून चालू केलं. हवा आली. पूर्वीपेक्षा किंचित जास्त, पण अपेक्षेपेक्षा फार कमी. घरटं काढल्यावर वादळ येईल म्हणून मंडळींनी टोप्या धरल्या होत्या, त्या त्यांनी हळूच सोडल्या.

"रुळेल," बाल्दोमेरो म्हणाले. "नवीन आहे."

"पंखा जुनाच आहे."

"मोकळी जागा नवीन आहे ना त्याला."

मी पुन्हा तपासणी केंद्रावर गेलो. या खेपेला त्या गृहस्थांच्या जागी एक बाई होत्या. त्यांनी बोट ओलं करून फटीवर धरलं. "हवा येते का? येते," असं स्वतःलाच विचारून स्वतःलाच सांगितलं आणि शिक्का मारला. पुरेशी आहे का, असं त्यांनी विचारलं नाही आणि मीही विषय काढला नाही. सरकारी नोकरीत केस पिकलेला माणूस शिक्का पडल्यावर प्रश्न विचारत नाही. शिक्का पडला म्हणजे पंखा चांगला झाला, असं मला मनापासून वाटू लागलं. हीच शिक्क्याची ताकद आहे.

शनिवारी सकाळी आम्ही निघालो. पुढे मी आणि सासूबाई, मागे नेलिदा आणि पट्ट्याने बांधलेलं अकॉर्डियन. सासूबाईंनी काळा पोशाख, मोत्यांची माळ आणि पिसाची हॅट घातली होती. हातात ओतिलियाबाईंनी दिलेला अर्धा कापलेला बटाटा होता. काचेला बटाटा चोळला की धुकं धरत नाही, हे ओतिलियाबाईंच्या दिवंगत यजमानांचं दुसरं शास्त्र. नाक्यावरच्या पोलिसाने कागद बघितला, बटाटा बघितला, आणि काही न बोलता आम्हाला सोडलं.

चढ लागला आणि बर्फ सुरू झाला. चाकांना साखळ्या चढवून मी पुढे निघालो. काचेवर धुकं धरलं. सासूबाईंनी बटाटा चोळला. आता धुकं आणि बटाटा दोन्ही झालं, आणि समोरचा डोंगर खिरीसारखा दिसू लागला. पंखा जोरजोरात घरघरत होता, पण त्याची फुंकर काचेपर्यंत पोचतच नव्हती.

"कोणी बोलू नका," मी म्हणालो. "श्वासाने धुकं वाढतंय."

हे मी सासूबाईंना सांगितलं, हे तोंडातून गेल्यावर माझ्या लक्षात आलं. पण त्या खरोखरच गप्प बसल्या. ओठ मिटून, नाकाशी रुमाल धरून. मला त्या शांततेची फार भीती वाटली. काच तरीही पांढरी होत गेली, आणि एका वळणावर मला रस्त्याची कडा दिसेनाशी झाली. मी थांबलो. खाली दरी होती, हे मला दिसत नव्हतं पण माहीत होतं.

"मागे फिरायचं का?" नेलिदाने हळूच विचारलं.

"इथे वळणार कसा?" मी म्हणालो.

सासूबाईंनी बटाटा खाली ठेवला. हॅट काढून मागे नेलिदाकडे दिली. खिडकीची काच खाली केली आणि त्या बर्फात डोकं, मान आणि मोत्यांची माळ बाहेर काढली.

"चल," त्या बाहेरून म्हणाल्या. "हळू. डावीकडे. अजून थोडं. आता सरळ."

"दोन्या एदुविना, गारठून जाल."

"तू मला बघू नकोस. मी सांगते ते कर. उजवीकडे, पुढे खड्डा आहे."

मी गाडी चालवली. खरं म्हणजे गाडी त्यांनीच चालवली, मी फक्त चाक फिरवलं. त्यांचे केस पांढरे होतेच, त्यावर बर्फ बसला. भुवया गोठल्या. नेलिदा मागून त्यांचा कोट घट्ट धरून बसली होती. एकदाही त्यांचा आवाज हलला नाही, एकदाही त्यांनी चुकीचं वळण सांगितलं नाही. रोज सकाळी माझ्या ब्रेडवर किती लोणी आहे ते बघणारे तेच डोळे, पण त्या दिवशी त्यांनी आम्हा तिघांना त्या डोंगरावरून उचलून वर नेलं. इतकी वर्षं या बाईला मी घाबरत आलो होतो. माझं काही चुकत नव्हतं, फक्त कारण अपुरं होतं.

खिंडीच्या माथ्यावर रस्ता कामगारांची एक पत्र्याची शेड आहे. त्या दिवशी तिथे कोणी नव्हतं. मी गाडी तिच्या आडोशाला लावली. सासूबाई आत आल्या, काच वर केली, चेहऱ्यावरचा बर्फ रुमालाने पुसला.

"चढ मी काढला," त्या म्हणाल्या. "आता उतार तू काढ. मला बोटं जपायची आहेत, वाजवायचंय."

फोनला रेंज नव्हती. तिकडे मावशी चर्चच्या पायरीशी उभी असणार, आणि ती आत जाणार नाही हे आम्हाला तिघांनाही ठाऊक होतं. मी पुन्हा कप्पा काढला, सासूबाईंच्या पायांशी पुन्हा डॅशबोर्डखाली शिरलो, तीन स्क्रू काढले आणि पंखा वायरींसकट ओढून बाहेर लोंबता धरला. स्वच्छ होता. मोकळा होता. नेलिदा मागच्या सीटवरून वाकून टॉर्च दाखवत होती.

"चालू करा जरा," मी म्हणालो. सासूबाईंनी बटण फिरवलं. माझ्या हातात पंखा छान फिरू लागला.

"फिरतोय की चांगला," मी हताश होऊन म्हणालो.

"रेमिहियो," नेलिदा म्हणाली, "त्याच्या प्लास्टिकवर तो बाण कसला आहे?"

मोटरच्या कडेला एक बाण कोरलेला होता. तो डावीकडे दाखवत होता. पंखा उजवीकडे फिरत होता.

सासूबाईंनी वाकून आधी बाण बघितला. मग मला बघितलं.

असा पात्यांच्या गोल पिंजऱ्यासारखा पंखा उलटा फिरला तरी हवा त्याच दिशेला टाकतो, फक्त अगदी मरगळून टाकतो, हे मला तेव्हा कळलं. बाण खरा होता. जुळ्या बहिणींसारख्या त्या दोन वायरींची मी अदलाबदल केली होती. बटण बंद करायला सांगून मी टेप उकलली, बोटं बधिर झाली होती म्हणून दातांनी पीळ सोडवला, आणि वायरी बदलून जोडल्या. पंखा आत बसवला, स्क्रू आवळले.

"करा चालू," मी म्हणालो. "सावकाश."

सासूबाईंना सावकाश हा शब्द माहीत नाही. त्यांनी बटण शेवटपर्यंत फिरवलं.

उंदराच्या संसारातलं जे काही नळ्यांमध्ये उरलं होतं ते सगळं एकदम बाहेर आलं. गवत, लोकर, बियांची फोलपटं, माझ्या निळ्या मोज्याचे धागे. सगळं थेट सासूबाईंच्या तोंडावर. मी डॅशबोर्डखालूनच डोळे मिटून घेतले. वर फक्त वाऱ्याचा आवाज येत होता, भरदार, गरम आणि न थांबणारा.

डोळे उघडून वर आलो तेव्हा सासूबाईंच्या मोत्यांत लोकर अडकली होती, ओल्या केसांत काड्या होत्या, आणि त्या दोन्ही हातांची बोटं झोतासमोर पसरून एकेक शेकत होत्या. समोरची काच खालून वर स्वच्छ होत चालली होती. आधी बॉनेट दिसलं, मग रस्ता, मग पलीकडची सगळी दरी.

"आता वारा आहे," त्या म्हणाल्या. "चल."

पोचायला उशीर झालाच. फ्रेसियामावशी पांढऱ्या पोशाखावर पोंचो आणि त्यावर सेगुंदोंचा कोट घालून चर्चच्या पायरीशी उभी होती. तिच्या शेजारी सेगुंदो नुसत्या सदऱ्यात, अगदी निवांत. वाट बघण्यात त्या माणसाचा हात धरणारा कोणी नाही. सासूबाई गाडीतून उतरल्या, अकॉर्डियन खांद्यावर चढवलं आणि केसांतल्या काड्यांसकट तिथेच, बर्फात, वाजवायला सुरुवात केली. पहिल्या सुराला मावशी पायरी चढली. सासूबाईंचे गाल लाल झाले होते, पण एकही बोट अडखळलं नाही.

मग जेवण झालं. सळीवर भाजलेल्या कोकराभोवती सगळं गाव जमलं होतं. कोणीतरी विचारलं, दोन्या एदुविना, या असल्या दिवसात खिंड ओलांडली कशी? मी ताटात बघू लागलो. आता बटाटा, उंदीर, बाण, वायरी सगळं क्रमाने येणार होतं, आणि सांगण्यात सासूबाईंची बरोबरी कोणी करू शकत नाही.

सासूबाईंनी ग्लास खाली ठेवला.

"माथ्यावर गाडीचा पंखा बंद पडला होता," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या. "माझ्या जावयाने त्या बर्फात, बधिर झालेल्या बोटांनी, दातांनी वायरी सोडवून दुरुस्त केला. तो नसता तर मी पोचले नसते."

स्वतःच्या डोक्याचा, खिडकीचा, भुवयांवरच्या बर्फाचा एक शब्द त्यांनी काढला नाही. लोकांनी माझ्या पाठीवर थापा मारल्या. सेगुंदोंनी स्वतः येऊन माझा ग्लास भरला. नेलिदाने टेबलाखाली माझा हात दाबला. मला खरं काय घडलं ते सांगायचं होतं, पण तेवढ्यात कोणीतरी माझ्या ताटात कोकराचा आणखी एक तुकडा वाढला.

थोड्या वेळाने सासूबाईंनी पुन्हा अकॉर्डियन उचललं. पट्टा खांद्यावर घ्यायला मी मदत केली, तेव्हा त्या माझ्या कानाशी वाकल्या.

"वायरी उलट्या कोणी जोडल्या होत्या, ते मी सांगितलेलं नाही," त्या म्हणाल्या. "अजून."

आणि त्यांनी पुढचं नाचाचं गाणं सुरू केलं.